ताश्का दु शिको, लिस्बन: फादो कानांसाठी, पोटासाठी नव्हे

लिस्बनच्या बायरो आल्तो भागात, रुआ दु दियारिउ द नोतिसियाश या अरुंद गल्लीत ही टपरीवजा खानावळ आहे. इथे फादो, म्हणजे पोर्तुगालचं पारंपरिक गाणं, ऐकायला मिळतं. भिंतींवर फुटबॉलचे मफलर आणि गवयांचे फोटो खच्चून लावलेले, टेबलं मोजकी. माइक नाही, मंच नाही. गाणारा टेबलांच्या मध्येच उभा राहतो. बैठकीची सवय असलेल्या कानाला हे लगेच मानवतं.

इथे चालतो तो 'फादो वादियू', म्हणजे हौशी मंडळींचा फादो. त्यामुळे दर्जा सलग नसतो, एखादा आवाज अगदीच कच्चा निघतो. पण साथ बहुतेकदा नेमकी असते. बारा तारांची पोर्तुगीज गिटार (सहा जोड्या, नख्या लावून वाजवलेली) गळ्याच्या मागे-पुढे खेळते, आणि साधी गिटार, जिला तिथे 'व्हिओला' म्हणतात, लय धरून ठेवते. 'मेनोर', 'कोर्रिदो' आणि 'मोरारिया' या जुन्या चाली ठरलेल्या असतात. गाणारा त्यांवर हवे ते शब्द बसवतो. म्हणून तीच चाल एका रात्रीत दोनदा कानावर आली तर वैतागू नका, दोघांनी ती कशी वळवली ते ऐका.

गाणं सुरू होताना दिवे मंद होतात आणि दार लोटलं जातं. मग आत-बाहेर करता येत नाही, बोलायचं नाही, ऑर्डरही द्यायची नाही. तीन-चार गाणी झाली की दिवे लागतात, तेव्हाच वेटरला हाक मारायची. गाणं साधारण नऊच्या पुढे रंगतं, पण त्या वेळी पोहोचलात तर रस्त्यावर ताटकळणं आलं. साडेसातच्या सुमारास टेबल धरावं. चौघांहून मोठ्या टोळक्याने इथे येऊच नये. गाणं कोणत्या वारी आहे हेही आधी विचारून घ्यावं.

खाणं यथातथाच. मातीच्या ताटलीत पेटवून देतात तो शोरीसो सॉसेज दिसायला झकास, पण तो डुकराचा. 'काल्दो वेर्द' हे बटाट्याचं नि हिरव्या पाल्याचं सूप शाकाहारी वाटतं, मात्र वर शोरीसोची चकती असते. 'सें कार्न', म्हणजे मांसाशिवाय, असं बजावलं तरी रस्सा कशाचा हे विचारावंच. त्यापेक्षा चीज, ऑलिव्ह आणि पाव बरा.

बिलात हमखास घोळ होतो तो 'कुवेर' या शब्दाने. पोर्तुगालमध्ये न मागता टेबलावर येणाऱ्या पाव-ऑलिव्हला कुवेर म्हणतात. हात लावला नाही तर पैसे द्यावे लागत नाहीत, नको असेल तर आल्या आल्याच परत पाठवा. पण काही फादो घरांत 'कुवेर आर्तिश्तिको' या नावाने गाण्याचे पैसे वेगळे लागतात, ते नाकारता येत नाहीत. बसण्यापूर्वी दोन्ही विचारा.

कसलेले गवयी आणि हक्काची खुर्ची हवी असेल तर याच भागात 1937 पासूनचं 'आदेगा माशादो' आहे. तिथे आरक्षण करून जेवायचं, अशा घरांत माणशी 50 युरो किंवा वर सहज जातात. गायिका सोनिया शिरसाट यांच्यामुळे गोव्यात फादो ऐकलेल्यांना तिथली नजाकत ओळखीची वाटेल. पण एकच रात्र हाताशी असेल तर शिकोच. गाणं रंगलं की तिथलेच लोक 'आ, फादिश्ता!' अशी दाद देतात. ओळी चालू असताना मात्र 'वाहवा' गिळून टाकायची.

येताना मेट्रोच्या बायशा-शियादो स्थानकातून शियादोच्या बाजूने बाहेर पडा, लांबलचक सरकते जिने चढाव वाचवतात. मेट्रो रात्री एकला बंद होते. पाऊस असेल तर गुळगुळीत तळव्याचे बूट घालू नका, तिथले पांढरे दगडी फूटपाथ साबणासारखे निसटतात.