शिशाची कांडी आणि १९३२ची फोर्ड : कॅलिफोर्नियातील एका हॉट रॉड वर्कशॉपची भेट

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे परमुलखात गेलो तरी पाय एखाद्या वर्कशॉपकडेच वळतात. गेल्या सप्टेंबरात मुलीकडे कॅलिफोर्नियात सहा आठवडे मुक्काम होता. समुद्रकिनारे आणि चित्रपटांचे स्टुडिओ पाहून झाल्यावर जावईबापूंनी विचारले, "मामा, आता तुमच्या मनातले काही तरी सांगा." त्यावर मी जुन्या पद्धतीने हॉट रॉड तयार करणारे एखादे वर्कशॉप दाखवा, असे सांगितले. त्यांनी ईमेलने वेळ ठरवली आणि एका शनिवारी सकाळी आम्ही लॉस एंजेलिसच्या उत्तरेस, सान फर्नांडो खोऱ्यातील एका पत्र्याच्या शेडसमोर उतरलो. मालकांनी नाव-पत्ता जाहीर करू नका, असे आवर्जून सांगितले आहे. बघ्यांची गर्दी झाली की हातातले काम थांबते, ही त्यांची तक्रार कोणत्याही कारखानदाराला पटेल.

हॉट रॉड म्हणजे जुन्या, बहुधा फोर्डच्या, मोटारीतून अनावश्यक वजन काढून आणि तिच्या इंजिनाची ताकद वाढवून वेगासाठी बनवलेली गाडी. या छंदाचे मूळ दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत आहे. म्युरॉकच्या पात्रात तरुण मंडळी आपापल्या गाड्या पळवीत असत आणि अशा क्लबांना एकत्र आणणारी संघटना १९३७ साली स्थापन झाली. पुढे म्युरॉक लष्कराच्या ताब्यात गेले, शर्यती एल मिराज येथे होऊ लागल्या आणि १९४९पासून युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावरही होऊ लागल्या. मडगार्ड आणि पुढची काच का काढतात, छप्पर का खाली आणतात, याची उत्तरे त्या मैदानांत सापडतात. वजन आणि वारा या दोनच शत्रूंशी तेथे झुंज होती. दिखाऊपणा नंतर आला.

शेडमध्ये त्या दिवशी तीन गाड्या होत्या. एक १९३२ची उघडी रोडस्टर, एक छप्पर कापलेली, फोर्डच्याच मॉडेल ए जातीची कूपे (दोन दारांची बंद मोटार) आणि एक नुसती चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा. प्रत्येकीवर एक पुठ्ठा टांगला होता आणि त्यावर एक साल लिहिले होते. रोडस्टरवर १९४९ होते. आधी मला ते नोंदणीचे साल वाटले, परंतु मालकांनी खुलासा केला की त्या सालानंतर बाजारात आलेला कोणताही भाग त्या गाडीत दिसता कामा नये, असा ग्राहकाशी झालेला तो करार आहे. म्हणजे 'पारंपरिक' या शब्दाचा अर्थ कारखान्यातून निघाली तशीच ठेवलेली गाडी असा येथे मुळीच नाही. १९३२च्या फोर्डला दांड्यांनी ओढले जाणारे ब्रेक होते आणि फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ साली आणले; ते त्या काळातील पोरांनी भंगारातून आणून जुन्या गाड्यांना बसवले, म्हणून १९४९च्या पुठ्ठ्यात ते बसतात. तेव्हाच्या माणसाने जे केले असते तेवढेच करायचे, त्यापेक्षा चांगले जमत असले तरी करायचे नाही, हा या वर्कशॉपचा नियम आहे आणि मला ते वर्कशॉप आवडण्याचे मुख्य कारणही हेच आहे.

सर्वांत जास्त वेळ मी कूपेपाशी घालवला. तिचे छप्पर तीन इंच खाली आणले होते. मॉडेल एचे खांब बरेचसे उभे असल्यामुळे ते कापून पुन्हा जोडले तरी वरची आणि खालची टोके फारशी चुकत नाहीत. नंतरच्या गाड्यांचे खांब कलते असल्याने तिथे छप्परच उभे-आडवे कापून वाढवावे लागते. जोड वेल्डिंगने झाल्यावर जी खाच उरते, ती आपल्याकडे पुट्टीने भरली असती. येथे ती शिसे आणि कथिल यांच्या मिश्रधातूने भरतात. आधी पत्रा घासून त्यावर कथिलाचा पातळ थर चढवतात. हे पाहून मला लहानपणी गल्लीत येणारा कल्हईवाला आठवला, कारण तत्त्व तेच आहे. मग गॅसच्या मंद ज्योतीने मिश्रधातूची कांडी लोण्यासारखी मऊ होईपर्यंत तापवायची आणि मेण लावलेल्या लाकडी पट्टीने ती पत्र्यावर पसरायची. ज्योत थोडी जास्त झाली की सगळे वितळून जमिनीवर. (आमच्याकडे कांडी म्हटले की धोट्यातली सुताची, ही कांडी पाहून मी जरा चमकलोच.) शेवटी ते कानशीने घासतात. पॉलिशचे यंत्र लावत नाहीत, कारण त्याने शिशाची बारीक धूळ हवेत उडून फुप्फुसात जाते. कानस चालवणारे गृहस्थ साठीचे असावेत. डोळ्यांपेक्षा तळहातावर त्यांचा अधिक विश्वास होता. दर चार-पाच हातांनंतर ते डोळे मिटून पत्र्यावरून पंजा फिरवीत. ताण्याचा ताण बोटाने ओळखणारे आमचे जुने जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, असेच उभे राहत.

इंजिनाचा विभाग त्यामानाने लहान आहे. स्टँडवर फोर्डचे सपाट डोक्याचे व्ही-८ ठेवले होते. १९३२ साली सामान्य माणसाच्या मोटारीत फोर्डने हे आठ सिलिंडरचे इंजिन एकसंध ओतीव ब्लॉकमध्ये दिले. २२१ घनइंच, म्हणजे सुमारे ३.६ लिटर, आणि ६५ अश्वशक्ती. व्हॉल्व्ह डोक्यात नसून ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या शेजारी असतात, त्यामुळे वरचे झाकण ताटासारखे चपटे असते. या इंजिनाचा जन्मजात दोष असा की जळलेला वायू ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर काढला आहे आणि तो जाता जाता थंड करणाऱ्या पाण्यालाच तापवतो. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर असताना हे इंजिन सात रस्त्याच्या सिग्नलवर उभे राहिले तर काय होईल, असे मी विचारले, तेव्हा मालक मनापासून हसले आणि मोठा रेडिएटर दाखवू लागले. वर हवा आणि पेट्रोल मिसळणारे दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर बसवले होते.

आता खटकलेल्या गोष्टी. ब्रेकचा मुख्य सिलिंडर जुन्या पद्धतीचा, एकाच मार्गाचा आहे. एखादी नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातील, आणि शक्ती वाढवलेल्या गाडीत हे मला मान्य होण्यासारखे नाही. पुठ्ठ्यावरच्या सालाचा मान राखावा, पण तो माणसाच्या जिवावर बेतू नये. कमरेचे पट्टे मात्र आसनाखाली लपवून सर्व गाड्यांना दिले जातात, एवढी तडजोड त्यांनी केली आहे. दुसरे, पाहुण्यांना बसायला एक स्टूलही नाही आणि दोन तास उभे राहून माझे गुडघे बोलू लागले. तिसरे, दर्शनी भागात विकायला ठेवलेल्या टी-शर्टचा भाव आमच्या कारखान्यातील दोन डझन टॉवेलांच्या भावाएवढा आहे, आणि कापड पाहता तो मुळीच वाजवी नाही.

टॉवेलांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. भेट म्हणून मी आमच्याच मागावरचे बारा नॅपकिन नेले होते. मालकांनी एक हातात घेऊन त्याचे लूप निरखले, विणीची स्तुती केली आणि मग अतिशय सभ्यपणे सांगितले की हे इंजिनाजवळ येऊ देता येणार नाहीत. लूपचा एखादा तंतू तेलाच्या मार्गात गेला तर बेअरिंगचे नुकसान होते, म्हणून तिथे तंतू न सोडणारे कापडच वापरतात. नॅपकिन गाडी धुतल्यानंतर पुसण्यासाठी ठेवले गेले. माझ्याच मालाचा हा दोष मला तिथे जाऊन कळला. शेंगाचटणीची पुडी मात्र कानसवाल्या गृहस्थांनी उभ्या-उभ्याच फोडली.

प्रामाणिकपणाबद्दल या वर्कशॉपला पूर्ण गुण द्यावे लागतील. १९३२च्या बॉडीच्या नव्या नकला फायबरग्लासमध्ये आणि पोलादातही मिळतात आणि त्या वाईट असतात असे नाही. ग्राहक नकल घेऊन आला तर हे लोक काम घेतात, पण कागदोपत्री तसे लिहून देतात. भलतीकडे विणलेल्या चादरी 'सोलापुरी' म्हणून खपवल्या जाताना पाहिलेल्या माणसाला त्या कागदाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

हे पाहून कोणाला घरच्या जुन्या जीपवर कात्री चालवण्याचा मोह झाला, तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आधी वाचावे. नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार आपल्याकडे चालत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली तसेच सांगितले आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. वेळ आधी ठरवल्याशिवाय आत घेत नाहीत. शुल्क नाही. पायांत बंद बूट हवेत, चपला घालून आलेल्या माझ्या नातवाला पिवळ्या रेषेच्या बाहेरच थांबावे लागले. छायाचित्रे काढता येतात, फक्त ग्राहकांच्या गाड्यांचे नंबर टिपायचे नाहीत. मालक भराभर बोलतात, तेव्हा इंग्रजीची सवय असलेले कोणी तरी बरोबर असावे. जानेवारीच्या उत्तरार्धात मात्र जाऊ नये, कारण पोमोना येथे भरणाऱ्या रोडस्टरच्या मोठ्या प्रदर्शनासाठी तेथे रात्रंदिवस काम चालते आणि पाहुण्यांना दारातूनच परत पाठवतात. १९५० साली ओकलंडमध्ये सुरू झालेले ते प्रदर्शन आता पोमोनात भरते आणि मी पाहिलेली रोडस्टर यंदा तेथे उभी राहणार आहे. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकून निघालेल्या सोलापूरकराला ती तेथे गाठता येईल.