भिजून मेलेला आरसी पाणबुडीचा सर्किट बोर्ड घरीच रिपेअर केला, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात माझी आरसी (रिमोटवर चालणारी छोटी) पाणबुडी मामेभावाच्या शेततळ्यात बुडाली. आता पाणबुडी बुडणारच, पण ही परत वर आलीच नाही. सासवडच्या पुढे त्याची अंजिराची बाग आहे, तळं चांगलं खोल, खाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला. आत उतरायचा प्रश्नच नव्हता, त्या कागदावर पाय ठरत नाही आणि पोहता येणारी माणसंसुद्धा तिथून बाहेर येत नाहीत, त्यामुळे कुणाला वाटलंच तर प्लीज नका उतरू. शेवटी विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा गळ आणला, अर्धा तास खरवडल्यावर मागच्या सुकाणूत अडकली एकदाची.

बोर्ड-बॅटरी ठेवायचा आतला बंद सिलिंडर उघडला तर आत कपभर पाणी. कारण काय, तर झाकणाच्या ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) आडवा पडलेला एक केस. आमच्या मांजराचा. एवढ्या एका केसाने सील बसलं नाही आणि पाणी झिरपत राहिलं.

घरी आणल्यावर आईने बोर्ड उचलून तांदळाच्या डब्यात घातला, मोबाईल भिजल्यावर करतात तसा. मी दोन दिवस ठेवला पण, आणि तीच माझी पहिली चूक. तांदूळ फार तर ओल शोषेल, पण पाण्यातले क्षार बोर्डावरच राहतात ना, आणि हे बोअरचं पाणी, त्यांच्या बादल्यांवर पांढरा थर चढतो असलं जड. त्यात बॅटरी जोडलेली असताना पाणी आत गेलं की प्लसकडचं तांबं अक्षरशः खाल्लं जातं. माझ्याकडे तेच झालं होतं. भिंगातून बघितलं तर बॅटरीच्या प्लसचा ट्रॅक हिरवागार, मायनसचा तसा बरा, आणि रिलेजवळच्या (रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच) १एन४००७ डायोडची एक तार तर जागेवर नव्हतीच, नुसती हिरवी पावडर. सगळ्यात आधी बॅटरी काढायची आणि त्याच दिवशी बोर्ड धुवायचा, पेट्रोल पंपावर बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं त्याने, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुना टूथब्रश. मी हे तिसऱ्या दिवशी केलं.

नवा बोर्ड जर्मनीहून मागवायचा तर कस्टम धरून चौदा हजाराच्या पुढे जात होता. पाणबुडी सेकंडहँड, त्याच्याहून थोडीच जास्त किंमत दिलेली. म्हणून मग पुण्यातली तपकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा बाजार. दोन शुगर क्यूब रिले (बॅलास्टचा, म्हणजे पाणी भरून पाणबुडी बुडवायच्या टाकीचा, पंप उलटसुलट फिरवायला दोन लागतात, एक टँक भरायला एक रिकामा करायला, आणि अपघातात भरणारा चिकटून बसला होता म्हणूनच ती खाली गेली), डायोड, दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, कनेक्टर आणि ५ व्होल्टचा रेग्युलेटर (बॅटरीचा व्होल्टेज उतरवून स्थिर देणारा). सगळं मिळून आयपीएच्या बाटलीसकट नऊशेच्या आत. मेन चिप वाचली हे नशीब, तिच्यातला प्रोग्राम कुठून आणला असता. खाल्लेल्या ट्रॅकवर तांब्याची बारीक तार सोल्डर केली, दिसायला घाण दिसतं पण आजपर्यंत एकही सुटलेली नाही.

दिवाळीच्या आदल्या रविवारी तळ्यात टाकली, चालली, सगळे खूश. आणि मग महिनाभर डोक्याला ताप. हळू चालवली की ठीक, फुल थ्रॉटल दिलं की आपोआप पृष्ठभागावर यायची. मी आधी रेडिओला शिव्या घातल्या. माझा सेट जुना २७ मेगाहर्ट्झचा आहे, कारण हल्लीचे २.४ गिगाहर्ट्झवाले पाण्याखाली काही सेंटीमीटरवरच मरतात, २७ वाला गोड्या पाण्यात दोन-तीन मीटर आरामात जातो (समुद्रात विसरा, खारं पाणी सिग्नल खाऊन टाकतं). फ्रिक्वेन्सी ठरवणारे क्रिस्टल बदलले, एरियलची वायर सरळ करून बघितली, काही फरक नाही.

शेवटी टेबलावर उघडी ठेवून मीटर लावला. मूळ रेग्युलेटर होता एलएम २९४०, दुकानदार म्हणाला साहेब ७८०५ घ्या, सेम आहे. पाय सेम आहेत हे खरं, पण ७८०५ ला आत येणारा व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा जवळजवळ दोन व्होल्ट जास्त लागतो, २९४० चं अर्ध्या व्होल्टवर भागतं. माझी लिपो बॅटरी दोन सेलची, ७.४ ची, आणि आता म्हातारी. फुल थ्रॉटलला ती ६.२ पर्यंत बसत होती आणि बाहेर ५ च्या जागी ४.३ येत होते, रिसिव्हर गळपटायचा, बोर्डाला वाटायचं सिग्नल गेला आणि तो इमानदारीत टँक रिकामा करून पाणबुडी वर आणायचा. म्हणजे हा फेलसेफ (सिग्नल गेला की सुरक्षित वर आणायची सोय) अगदी बरोबर काम करत होता आणि मी त्यालाच बिघाड समजत होतो! २९४० शोधून लावला, सोबत आउटपुटला २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पाहिजेच नाहीतर तो डळमळतो, त्या दिवसापासून ही तक्रार बंद.

कोटिंगबद्दल खूप जण विचारतात. मी कन्फॉर्मल कोटिंगचा (बोर्डावर बसणाऱ्या पातळ संरक्षक थराचा) स्प्रे मारला, रिले आणि कनेक्टर टेपने झाकून. फेब्रुवारीत उघडून बघितलं तर दोन ठिकाणी पापुद्रा सुटलेला आणि खाली पांढरं. तिथे सोल्डरिंगचा फ्लक्स (सोल्डर नीट बसायला लावतात तो चिकट पदार्थ) मी नीट पुसला नव्हता. खरवडून, धुऊन परत मारला. बायकोचं ट्रान्सपरंट नेलपेंट एका ट्रॅकवर लावलं होतं ते मात्र जसंच्या तसं आहे, आता काय बोलायचं.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटलं ते कोटिंग नाही, तळाशी लावलेल्या दोन उघड्या तारा. सिलिंडरच्या सगळ्यात खालच्या जागी तीन मिलिमीटर अंतरावर. पाण्याचा थेंब पोचला की बीसी ५४७ ऑन होतो, रिसिव्हरकडून बोर्डाला जाणारा सिग्नल ग्राउंडला ओढतो म्हणजे बंद पाडतो, पुढचं काम परत तोच फेलसेफ करतो. मार्चमध्ये एकदा खरंच वाचवलं, पंखा फिरवणाऱ्या शाफ्टच्या सीलमधलं ग्रीस संपलं होतं, आत जेमतेम चमचाभर पाणी होतं तेव्हाच ती वर आली. दोनदा मात्र खोटा अलार्म दिला, कारण उन्हात तापलेली पाणबुडी गार पाण्यात सोडली की आतल्या हवेतली वाफ थंड होऊन तळाशी दव जमतं. आता बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या आत असतात आणि सिलिंडर सावलीतच बंद करतो.

आठ महिन्यांत पंचवीस-तीसदा तरी पाण्यात गेली असेल, एप्रिल-मेमध्ये तळं आटलं तेवढी सुट्टी. सध्या एकच कुरकुर शिल्लक आहे, पंप चालू असताना सुकाणूचा सर्व्हो (ते वळवणारी छोटी मोटर) थरथरतो. पंपाच्या मोटरवर १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर लावल्यावर कमी झालं, गेलं नाही. शिवाय भरणारा रिले पुन्हा थोडा उशिरा सुटतोय असं वाटतंय, पावसाआधी बदलून टाकणार. तोवर पाणबुडीला नायलॉनची दोरी आणि थर्माकोलचा तुकडा बांधलेला असतो, भाचा म्हणतो कुत्र्याला फिरवायला नेल्यासारखं दिसतं. दिसू दे. गळ पण मामेभावाने परत मागितलेला नाही अजून, गाडीच्या डिकीतच पडलाय.