कुरूप की चामखीळ? तळपायावरच्या कडक ठिपक्याचं काय करायचं

माझ्या मुलीच्या उजव्या टाचेवर मसुराच्या दाण्याएवढा कडक ठिपका आला, तेव्हा घरात पहिला संशय काट्यावर गेला. सासूबाईंनी सुई तापवून टोकरून पाहिलं, काटा काही निघाला नाही. मग मी ते कुरूप ठरवलं आणि मेडिकलमधून कॉर्न कॅप, म्हणजे कुरुपावर चिकटवायची औषधी चकती, आणली. दोन महिन्यांत त्या एका ठिपक्याशेजारी आणखी चार उगवले. कुरूप असं पसरत नाही, एवढं जरी मला तेव्हा ठाऊक असतं तरी पुढचे कितीतरी महिने वाचले असते.

तळपायाला काही टणक झालं की आपण सरसकट कुरूप किंवा भोवरी म्हणून मोकळे होतो. पण कुरूप दाबामुळे होतं. चप्पल एका जागी घासते, हाड खालून टोचतं, आणि कातडी स्वतःला वाचवायला जाड होत होत आत खिळा तयार करते. ते संसर्गजन्य नाही. चामखीळ मात्र विषाणूमुळे होते. डॉक्टर तिला प्लांटर वॉर्ट म्हणतात, आणि विषाणूचं नाव एचपीव्ही. हे नाव वाचून अनेक आया घाबरतात, मीही घाबरले होते. एचपीव्हीचे शेकडो प्रकार आहेत. तळपायावर येणारे बहुधा १, २, ४, २७ आणि ५७ क्रमांकाचे असतात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेले १६ आणि १८ वेगळे. म्हणूनच त्या कर्करोगाची लस या चामखिळीसाठी नसते.

हा विषाणू ओल्या, मऊ पडलेल्या कातडीतल्या बारीक चिरांतून आत शिरतो. पोहण्याच्या तलावाचा काठ, हॉस्टेलचं सामाईक न्हाणीघर, एकमेकांच्या चपला. लागण झाल्यापासून ठिपका दिसेपर्यंत कित्येक आठवडे, कधी कधी बरेच महिने जातात. त्यामुळे कुठून लागला हे शोधत बसण्यात अर्थ नसतो. आमच्याकडे न्हाणीत एकच वजरी होती आणि सगळं घर तिनेच टाचा घासायचं. ती पहिल्याच दिवशी टाकून द्यायला हवी होती.

आधी ओळख पटवा

पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पुसा आणि उजेडात बघा. पहिली खूण रेषांची. तळपायावर बोटांच्या ठशांसारख्या बारीक रेषा असतात. कुरुपावरून किंवा घट्ट्यावरून त्या तशाच पुढे जातात. चामखिळीपाशी येऊन त्या तुटतात, किंवा तिला वळसा घालून जातात.

दुसरी खूण दुखण्याची. अंगठ्याने सरळ वरून दाबल्यावर जास्त दुखलं तर कुरुपाची शक्यता अधिक. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबल्यावर कळ आली तर चामखिळीची. ही खूण शंभर टक्के पक्की नाही, पण घरच्या घरी करता येते.

तिसरी खूण मी डॉक्टरांच्या टेबलाशेजारी उभी राहून पाहिली. त्यांनी ब्लेडने वरची पिवळट, मेलेली कातडी अगदी पातळ पापुद्र्यांनी उतरवली. खाली आधी मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसले, आणि आणखी एक पापुद्रा निघाल्यावर त्याच ठिपक्यांतून टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब वर आले. ते काळे ठिपके म्हणजे चामखिळीला पोसणाऱ्या केशवाहिन्यांत गोठलेलं रक्त. कुरूप असंच तासलं तर रक्त येत नाही, मधोमध मेणासारखा अर्धपारदर्शक खिळा दिसतो. हे तासणं घरी करू नका. ब्लेड चुकलं तर जखम होते, आणि विषाणू शेजारी पसरतो.

जागाही बरंच सांगते. कुरूप हाडाच्या उंचवट्यावर किंवा चप्पल घासते तिथेच होतं. चामखिळीला जागेचं बंधन नाही. वयाचंही थोडं तसंच: शाळकरी मुलाच्या पायाला कुरूप कमी, चामखीळ जास्त. आणि काट्याची शक्यता सोडू नका. बाभळीचं टोक आत राहिलं तर भोवती अशीच गाठ धरते, म्हणून शेतातून आलेल्या माणसाला हा प्रश्न आधी विचारावा.

कुरूप असेल तर

मग फार विचार नको. दाब काढला नाही तर कुठलंही औषध तात्पुरतंच. मऊ तळाची, पुढे रुंद चप्पल, दुखऱ्या जागेभोवती गोल पॅड, गरज पडली तर डॉक्टरांकडून तासून घेणं. कॉर्न कॅपही चालते, पण चकती ठिपक्यापेक्षा मोठी असेल तर कापून बेताची करा, नाहीतर भोवतीची चांगली कातडी सोलते. सुश्रुतसंहितेत याच विकाराला कदर म्हटलंय, खडे आणि काटे ही कारणं सांगितलीत, आणि उपाय म्हणून ते काढून गरम स्नेहाने, म्हणजे तेला-तुपाने, डागणं. आजही वैद्य कुरुपावर अग्निकर्म करतात. शिकलेल्या हातून, कुरुपाचं निदान नक्की झाल्यावर त्याला जागा आहे. चामखिळीला तोच न्याय लावू नये.

चामखीळ असेल तर

आता खरा निर्णय. चार वाटा समोर असतात: थांबणं, सॅलिसिलिक अॅसिड, गोठवणं, जाळणं. शिवाय अलीकडे इंजेक्शनं.

मी तुलना करायला बसले तेव्हा दोन चाचण्यांचे आकडे सगळ्यात उपयोगी पडले. नेदरलँड्समधली २०१० ची चाचणी तिन्ही सौम्य वाटा शेजारी शेजारी ठेवते. तळपायाच्या चामखिळी १३ आठवड्यांत पूर्ण गेल्या त्या अशा: द्रव नायट्रोजनने गोठवलेल्या १०० पैकी ३० जणांच्या, सॅलिसिलिक अॅसिड लावलेल्या ३३ जणांच्या, आणि काहीच न केलेल्या २३ जणांच्या. ब्रिटनमधल्या २०११ च्या चाचणीत २४० रुग्ण होते. तिथे ५० टक्के सॅलिसिलिक अॅसिड आणि गोठवणं यांची थेट लढत होती, आणि १२ आठवड्यांनी दोन्हीकडे साधारण १४ टक्केच बरे झाले.

हे आकडे पाहून मन खट्टू होतं, पण निर्णय सोपा होतो. गोठवणं जास्त दुखतं, जास्त खर्चाचं आहे, पुन्हा पुन्हा दवाखान्यात जावं लागतं, आणि तळपायावर तरी त्याचा फायदा अॅसिडपेक्षा मोठा दिसत नाही. म्हणून सुरुवात अॅसिडने करा, असंच मी सांगेन.

लहान मुलांत तर नुसतं थांबणंही वेडेपणाचं नाही. साधारण निम्म्या मुलांची चामखीळ वर्षभरात आणि दोन तृतीयांश मुलांची दोन वर्षांत आपोआप जाते. मोठ्यांत वेळ जास्त लागतो. दुखत नसेल, पसरत नसेल, तर अनवाणी फिरणं आवरून वाट बघता येते. माझी मुलगी मात्र टाच टेकवून चालेनाशी झाली होती.

अॅसिडचं यश हातावर अवलंबून आहे. आम्हाला दिलेल्या बाटलीत सॅलिसिलिक अॅसिड आणि लॅक्टिक अॅसिड एकत्र, कोलोडियन नावाच्या, सुकल्यावर पापुद्रा धरणाऱ्या द्रवात होतं. रोज रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात, मग नखं घासायच्या कागदी पट्टीने पांढरी पडलेली कातडी हळू घासायची, भोवती व्हॅसलीन लावायचं, आणि फक्त ठिपक्यावर थेंब. सुकला की वर चिकटपट्टी. घासायची कागदी पट्टी दुसऱ्या कशालाही वापरायची नाही. घासणं टाळलं तर अॅसिड मेलेल्या कातडीवरच बसून राहतं. माझी कॉर्न कॅप बहुधा याच कारणाने फुकट गेली, कारण तीतही ४० टक्क्यांच्या आसपास सॅलिसिलिक अॅसिडच असतं. फार आग झाली, कातडी लालबुंद झाली तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा सुरू. बारा आठवडे मनापासून केल्याशिवाय ‘फरक नाही’ म्हणू नका.

गोठवणं त्यानंतर. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसचा असतो; काही सेकंद धरला की जळजळ होते, फोड येतो, आणि दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा जावं लागतं. ज्यांना रोज रात्री पाय भिजवणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी किंवा अॅसिडच्या जोडीने हे योग्य. लहान मुलाला धरून ठेवून करण्याची ही गोष्ट नाही.

जाळण्याबद्दल मी तटस्थ राहू शकत नाही. कॉर्न कॅपनंतर आम्ही एका दवाखान्यात गेलो. तिथे पहिल्याच भेटीत, दुसरा काही पर्याय न सांगता, सुन्न करून कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या उपकरणाने, सगळं जाळलं. मुलगी तीन आठवडे शाळेत लंगडत गेली. जखम भरली आणि व्रणाच्या कडेने नव्या चामखिळींची माळ उठली. तळपायावरचा व्रण पुढे आयुष्यभर पाऊल टाकताना टोचू शकतो, हे आम्हाला सुई टोचण्याआधी कोणीतरी सांगायला हवं होतं. हट्टी, एकट्या चामखिळीला कधी कधी हाच मार्ग उरतो, पण तो शेवटचा असावा.

खूप चामखिळी असतील तर इंजेक्शनाबद्दल विचारा. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस किंवा ड जीवनसत्त्व थेट चामखिळीत टोचतात. आपल्याकडचे बरेच त्वचारोगतज्ज्ञ हे करतात. कल्पना अशी की शरीराची प्रतिकारशक्ती तिथे जागी व्हावी, म्हणजे न टोचलेल्या चामखिळीही जातात. अभ्यास लहान आहेत, टोचताना दुखतं, आणि एमएमआर ही जिवंत लस असल्याने गरोदर बाईला किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्याला देत नाहीत.

बिब्बा, चुना-सोडा, रुईचा चीक यांपासून दूर राहा. बिब्ब्याने अंगभर पुरळ उठलेली माणसं मी पाहिली आहेत, चुना-सोड्याने कातडी भाजते, आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते.

घरी काहीच करू नये असे लोक

मधुमेह असलेल्यांनी, ज्यांच्या पायाला मुंग्या येतात किंवा स्पर्श कळत नाही त्यांनी, कॉर्न कॅप आणि अॅसिड दोन्ही घरी लावू नये. कातडी जळते आणि कळतच नाही; न भरणाऱ्या जखमेची सुरुवात बऱ्याचदा एवढ्याशा चकतीने होते. बाबांच्या पायाला काही दिसलं तर मेडिकलमध्ये नको, सरळ डॉक्टरांकडे न्या.

मोठ्या माणसाचा एकच ठिपका तीन महिन्यांत हलला नाही, काळा-तपकिरी रंग पसरत गेला, किंवा जखम होऊन आपोआप रक्त येऊ लागलं, तर बायोप्सीबद्दल विचारा. सावळ्या त्वचेत मेलानोमा हा कर्करोग क्वचित होतो, पण होतो तेव्हा तळपाय ही त्याची नेहमीची जागा आहे.

मुलीच्या चामखिळी अॅसिड सुरू केल्यापासून चौदाव्या आठवड्यात गेल्या. औषध कधी थांबवायचं, हे डॉक्टरांनी तिलाच शिकवलं होतं. काळे ठिपके गेले म्हणून थांबायचं नाही. रोज भिंगातून बघायचं, आणि टाचेवरच्या रेषा त्या जागेवरून न तुटता आरपार जाताना दिसल्या की त्या रात्री बाटली उघडायची नाही.