पर्यावरणपूरक तंत्र: एकट्यानं, भागीदारीत की सगळ्यांसाठी खुलं?

प्रदूषण घटवायचं, त्यासाठी नवं तंत्र उभं करायचं आणि नफाही सांभाळायचा, असं ठरवलेल्या कंपनीपुढे तीन वाटा असतात. निवड करताना मी आधी एवढंच विचारेन: तुमचं प्रदूषण नेमकं होतं कुठे?

कारखान्याच्या आतच होत असेल, तर सरळ एकट्यानं कामाला लागा. थ्रीएम या अमेरिकी कंपनीनं १९७५ मध्ये ‘पोल्युशन प्रिव्हेन्शन पेज’ (म्हणजे ‘प्रदूषण रोखणं फायद्याचं’) हा कार्यक्रम सुरू केला. घाण झाल्यावर ती निस्तरण्यापेक्षा प्रक्रिया आणि कच्चा मालच बदलायचा, ही त्यामागची भूमिका. वाचलेलं द्रावक आणि वीज थेट तुमच्या हिशेबात दिसते. वाटणी नाही, गुपित फुटायची धास्ती नाही. सोप्या बचती संपल्या की मात्र हात थांबतात.

प्रदूषण पुरवठादाराकडे किंवा ग्राहकाकडे होत असेल, तर भागीदारीला पर्याय नाही. पोलाद घ्या. लोहखनिजातला ऑक्सिजन कोळशाऐवजी हायड्रोजननं काढायचा, तर खनिज, स्वस्त स्वच्छ वीज आणि भट्टी, तिन्ही हवं. म्हणून स्वीडनमध्ये एलकेएबी (खनिज), वॅटनफॉल (वीज) आणि एसएसएबी (पोलाद) या तीन कंपन्यांनी २०१६ मध्ये ‘हायब्रिट’ हा प्रकल्प सुरू केला. या पोलादाचा पहिला माल व्होल्वोकडे गेला तो २०२१ मध्ये, तोही चाचणीपुरता. तिमाही निकालांवर डोळा ठेवणाऱ्यांना हा वेग झेपत नाही.

डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्गची गोष्ट मला जास्त पटते. तिथे वीजकेंद्राची वाफ औषधनिर्मितीला आणि तेलशुद्धीकरणाला गेली, धूर धुताना निघालेलं जिप्सम भिंतींचे बोर्ड करणाऱ्याकडे. सुरुवातीला कुणी पर्यावरणाचा झेंडा उचलला नव्हता; प्रत्येक करार दोघांनाही परवडला म्हणून झाला. धोका परावलंबनाचा आहे. वीजकेंद्रानं कोळसा सोडला की जिप्समही थांबतं.

तिसरी वाट, तंत्र सर्वांना खुलं करण्याची. टोयोटानं २०१५ मध्ये इंधनघटाची (फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजनपासून गाडीसाठी वीज करणारा संच) सुमारे ५,६८० पेटंटं मोफत वापरायला दिली. हा दानधर्म नव्हता. हायड्रोजनचे पंप उभे राहिले नाहीत, तर गाडी कितीही चांगली असली तरी खपणार नाही. बाजार आधी मोठा होणं गरजेचं असेल तेव्हाच ही वाट धरावी. पर्यावरणपूरक पेटंटं सर्वांना खुली करणारा २००८ मधला ‘इको-पेटंट कॉमन्स’ हा उपक्रम २०१६ मध्ये गुंडाळला गेला. नुसतं पेटंट खुलं केल्यानं ते चालवायचं कसब हाती येत नाही.

प्रतिस्पर्ध्यांबरोबर बसणार असाल, तर वकील जवळ ठेवा. कायद्याच्या गरजेपेक्षा अधिक चांगलं धूरशुद्धीकरण करण्याची स्पर्धा टाळायची, अशा संगनमतासाठी युरोपियन कमिशननं २०२१ मध्ये फोक्सवॅगन समूह आणि बीएमडब्ल्यूला मिळून ८७.५ कोटी युरोंचा दंड केला. त्यातच सामील असलेली डायमलर सुटली, कारण प्रकरण तिनंच उघड केलं होतं.

बहुतेक कंपन्यांनी एकट्यानं सुरू करून मग भागीदार शोधावा, असं माझं मत आहे. स्वतःचे आकडे हाती असले तर वाटाघाटीत ताकाला जाऊन भांडं लपवावं लागत नाही. करारात तीन गोष्टी आधीच लिहून घ्या: चाचणी फसली तर खर्च कुणाचा, पेटंट कुणाच्या नावावर, आणि महाग पडणारा पहिला माल कोण उचलणार. तिसऱ्याचं उत्तर मिळत नसेल, तर सही थोडी लांबवलेली बरी.