निंजा १०००एसएक्स विकून झेडएक्स-१०आर घेतली, नागपुरात चालवून काय वाटते ते लिहितो

आधीच सांगून टाकतो, फक्त जास्त स्पीड पाहिजे म्हणून कावासाकीची १०००एसएक्स (लांब प्रवासाची गाडी, म्हणजे टूरर) काढून त्यांचीच १०आर (रेसच्या धर्तीची, म्हणजे सुपरस्पोर्ट) घ्यायचा विचार चालू असेल तर भाऊ पैसे वाचवा, तेवढ्या स्पीडला आपल्या इकडे रस्ताच नाही. चार लेनच्या हायवेवर दुचाकीला ८०ची लिमिट आहे आणि ही गाडी पहिल्याच गिअरमध्ये १००च्या पुढे निघून जाते, मग उरलेले पाच गिअर रोडवर कशाला पाहिजेत. समृद्धीचं तर नावच काढू नका, शिवमडक्यापासून निघणारा ७०१ किलोमीटरचा एवढा मोठा रस्ता आपल्या दाराशी आहे पण त्यावर टू-व्हीलरला एन्ट्रीच नाही. तरी मी ही गाडी घेतली, मनापासून आवडून राहिली आहे आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच घेईन. काऊन ते नीट लिहितो, कारण टूररवरून सुपरस्पोर्टवर जाणाऱ्याला कामाचं कोणी काही सांगत नाही, एक तर पॉवरचे आकडे सांगतात नाही तर कंबर जाईल म्हणून घाबरवतात.

१०००एसएक्सबद्दल वाईट शब्द निघणार नाही माझ्या तोंडून. १०४३ सीसी, १४२ पीएस (पॉवरचं माप), १९ लिटरची टाकी, मागे २८-२८ लिटरचे दोन पॅनियर (बाजूच्या पेट्या), काच चार पोझिशनला वरखाली होते, बायको मागे आरामात बसायची, पचमढी असो की हैदराबाद, उतरल्यावर दोघंही फ्रेश असायचो. अशी गाडी विकायला मन होत नाही. पण मला हळूहळू घाटाचा नाद लागला, सिलेवानी, तामिया, चिखलदरा, आणि तिथे एक गोष्ट खटकायला लागली की पुढचं चाक काय करून राहिलं ते हाताला कळतच नाही. हँडल उंच, अंगाचं वजन मागे, फोर्क (पुढचे शॉकॲब्सॉर्बर) मऊ, ब्रेक मारला की समोरून बसते आणि मग वळण घेते. गाडी वळते छानच, पण विश्वासावर वळवावी लागते. मला तो विश्वास हातात लागायला पाहिजे होता.

आता पॉवरचं. १०आर ९९८ सीसी, २०३ पीएस, रॅम एअर (वेगात समोरची हवा इंजिनात दाबली जाते ते) धरून २१३. आकडा वाचूनच माणूस हरखते. पण टॉर्क (इंजिनची ओढायची ताकद) बघा, १०००एसएक्सचा १११ एनएम आणि हिचा ११४.९, म्हणजे जवळपास सारखाच. फरक कुठे आहे तर तिचा टॉर्क ८ हजार आरपीएमला मिळते आणि हिचा ११ हजार ४०० ला, आणि पॉवर म्हणजे शेवटी टॉर्क गुणिले आरपीएम, त्यामुळे २०३चा आकडा येते तो १३ हजार २०० आरपीएमला. त्या आरपीएमला तुम्ही रहाटे कॉलनीच्या चौकात कधीच नसता. तिथे तुम्ही ३-४ हजारावर असता आणि तिथे खरं सांगतो जुनी टूररच जास्त जोरात उचलायची. सीताबर्डीतून वर्धा रोडला लागून छत्रपती चौकापर्यंत येईस्तोवर १०आर चालवणाऱ्याला वाटेल की इंजिन झोपलंय काय. गिअर लांब, क्लच खेळवत राहावं लागते. २०२१ च्या मॉडेलपासून खालचे तीन गिअर छोटे केले, मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) ३९ वरून ४१ दातांचं केलं, आधीच्यापेक्षा बरं आहे, पण शहराची गाडी ही नाही म्हणजे नाही.

मग घेतली कशासाठी? ब्रेक आणि पुढच्या चाकासाठी. हे मी जोर देऊन सांगतो कारण शोरूममध्ये कोणी याच्यावर बोलत नाही.

सौंसरच्या पुढे छिंदवाड्याकडे जाताना सिलेवानीचा घाट लागतो, ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे, मधूनमधून वळण आत आत आवळत जाते आणि कडेला बारीक गिट्टी पडलेली असते. एका उजव्या वळणात आत शिरल्यावर समोरून ट्रक अर्धा माझ्या लेनमध्ये. दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर होती, दाबली, फोर्क एकदम न बसता सावकाश एकसारखा खाली गेला आणि तळहाताला डांबराची खरखर लागत होती इतकं स्पष्ट कळत होतं की टायर किती धरून आहे, मग ब्रेक तसाच थोडा धरून ठेवून गाडी अर्धा फूट आत ओढली आणि ट्रक निघून गेला. घाबरायला वेळच मिळाला नाही. समोर ३३० एमएमच्या डिस्क आणि ब्रेम्बोचे एम५० कॅलिपर (डिस्क दाबून धरणारे भाग) आहेत, जुनीला ३०० एमएमच्या होत्या, पण नुसता डिस्कचा प्रश्न नाही हा. क्लिप-ऑनमुळे (खाली बसवलेलं आखूड हँडल) तुमचं वजन पुढच्या टायरवर असते, शोवाचा फोर्क ते वजन नीट सांभाळते, आणि वरून गाडीच २३८ च्या जागी २०७ किलो, ३१ किलो कमी. हे सगळं मिळून गाडी जिथे बघाल तिथे जाते. रामटेकला गडावर जायचा तो छोटासा चढ, ६० च्या वर कधी जात नाही तिथे मी, पण तेवढ्यातही जी मजा येते ती जुन्या गाडीवर मोठ्या घाटातही आली नव्हती.

याची किंमत अंग मोजते. आणि इथे नागपूरचा प्रश्न वेगळा आहे. क्लिप-ऑनवर वाकून बसलं की छातीचा भार मनगटावर येते, १००च्या आसपास हवा छातीला खालून उचलून धरते आणि हात मोकळे होतात, त्यामुळे हायवेवर त्रास कमी. पण शहरात ३०-४० ने रांगत असताना हवा मदतीला येत नाही, सगळा भार तळहातावर. अजनीच्या डबलडेकर पुलावर चढलं, वरून मेट्रो जाऊन राहिली, खाली तुम्ही प्रत्येक जॉइंटला मनगटात ठक ठक ठक. सिमेंटच्या रस्त्यांनी तर सस्पेन्शनची परीक्षाच घेतली, कंपनीतून येते ते सेटिंग ट्रॅकच्या हिशोबाने कडक असते. साहजिक आहे, जोनाथन रे या रेसरने २०१५ ते २०२० सलग सहा वेळा वर्ल्ड सुपरबाईक स्पर्धा मारली ती १०आरवरच, ही गाडी त्या कामासाठीच बनली. पण पुढचं-मागचं सगळं ॲडजस्ट होते, सस्पेन्शनचं कॉम्प्रेशन (दबणं) आणि रिबाउंड (परत वर येणं) थोडे थोडे ढिले करत गेलो, दर वेळी किती क्लिक फिरवले ते मोबाईलमध्ये लिहून ठेवलं आणि तोच रस्ता पुन्हा मारला. आता सिमेंटवर गाडी उडत नाही. हे काम प्रत्येकाने करावं, फुकट आहे आणि महागड्या एक्झॉस्टपेक्षा जास्त फरक पडते. दुसरं म्हणजे पोट आणि पाठ. गुडघ्याने टाकी घट्ट धरायची, धड पोटाच्या जोरावर तोलायचं, हात सैल. ज्यांचं पोट-पाठ कमजोर त्यांनी आधी व्यायाम सुरू करावा, मग बुकिंग.

यू-टर्न. हँडल फिरतच नाही. गल्लीत गाडी वळवायला टूरर एका दमात फिरायची, इथे दोनदा मागेपुढे करावं लागते. सवय होते.

उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ वर जाते आपल्याकडे आणि सिग्नलला उभं राहिलं की कूलंट शंभरच्या वर, फॅन सुरू, आणि ती गरम हवा सरळ मांडीवर. ॲल्युमिनियमची फ्रेम पण तापते. जुनी गाडी पण गरम व्हायची, खोटं नाही बोलत, पण तिथे पाय मोकळे होते, इथे तुम्ही इंजिनला चिकटून बसलेले असता. जीन्स घालून दुपारी ही गाडी बाहेर काढूच नका. उन्हाळ्यात मी पहाटे पाचला निघतो, ऊन चढायच्या आत घरी. खरा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जबलपूर रोडने मनसर, खवासा, पेंचच्या जंगलातला तो उंचावरून गेलेला रस्ता जिथे प्राणी खालून जातात, सकाळची थंड हवा, इंजिन पण खूष आणि माणूस पण. परत येऊन तर्री पोहे. याच्यासाठी गाडी आहे ही.

इलेक्ट्रॉनिक्स टूररवर पण चांगलंच होतं, क्रूझ कंट्रोल, क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलणं), मोड, सगळं. त्यामुळे त्या बाबतीत फार नवल वाटलं नाही. एक गोष्ट मात्र नवीन माणसाने लक्षात ठेवावी, पॉवर मोड फुल, मिडल आणि लो असे तीन आहेत, लो मध्ये साधारण ६० टक्के पॉवर मिळते म्हणजे तरी १२० पीएसच्या आसपास झाली. मी शहरात आणि पावसात लो वरच ठेवतो, आणि त्यात कमीपणा वाटायचं काहीच कारण नाही. पावसात ओल्या सिमेंटवर मागचं चाक हललं तर ट्रॅक्शन कंट्रोल धरते, पण पेंटचे पट्टे आणि चौकातलं सांडलेलं डिझेल त्याला पण दिसत नाही हे ध्यानात असू द्या.

खर्च. पेट्रोल ९५ ऑक्टेनच्या खालचं टाकू नये, इंजिनचं कॉम्प्रेशन १३:१, म्हणजे जास्त आहे, साध्या पंपावर साधं पेट्रोल भरून खुश राहायचे दिवस संपले. टाकी १७ लिटरची. माझ्या हाताखाली चौदा-पंधराचं ॲव्हरेज पडते, म्हणजे २०० किलोमीटरच्या आत पंप बघायला लागायचं, आणि छिंदवाड्याकडे प्रत्येक पंपावर ९५ मिळेलच असं नाही म्हणून सौंसरला जायच्या आधीच नागपुरातून टाकी फुल. मागचा टायर १९०/५५, मऊ, आणि आपल्याकडे बहुतेक रस्ते सरळ असल्यामुळे मधूनच सपाट होते, कडा नवीन दिसतात आणि मध्ये ग्रिप गेलेली असते. गाडीची किंमत तर सांगायलाच नको, २०२१ मध्ये आली तेव्हा १४.९९ लाख एक्स-शोरूम होती, त्यानंतर बरीच चढली, आणि सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वर जीएसटी ३१ वरून ४० टक्के झाला. आरटीओ आणि इन्शुरन्स वेगळे.

सर्व्हिसबद्दल नाव न घेता एवढंच लिहितो की एका ठिकाणी टायर बदलायला दिला तर मागचा एक्सल टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) न लावता अंदाजाने आवळून दिला आणि चेन एवढी ताणलेली की हाताने हलत नव्हती. मी घरी येऊन पाहिलं म्हणून कळलं. २०३ पीएसच्या गाडीवर हे चालत नाही बावा. समोर उभं राहून काम करून घ्या, कोणाला राग आला तरी चालेल, आणि एक टॉर्क रेंच स्वतःचा घेऊन ठेवा.

कोणी घ्यावी? ज्याच्या राईड सकाळच्या, शे-दीडशे किलोमीटरच्या, एकट्याच्या आहेत त्याने डोळे झाकून घ्यावी. वर्षातून एकदा तरी गाडी टेम्पोत टाकून चेन्नईच्या ट्रॅकवर नाही तर ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर न्यायची तयारी असेल तर अजून चांगलं, दोन्हीकडे नागपूरहून हजार किलोमीटरच्या आसपास पडते, म्हणजे आपण तसे बरोबर मध्येच आहोत. ते वरचे आरपीएम तिथेच खरे समजतात. पण ज्याची बायको, नवरा, कोणीही सोबत ट्रिपला येते, त्याने टूरर विकू नये. आमच्या घरी यावर बरीच चर्चा झाली, बायको म्हणाली तुझी हौस कर पण दिवाळीनंतरची ट्रिप आता कारने, आणि तसंच ठरलं. मला ते मान्य आहे पण मागे कोणी नसण्याचं वाईट वाटते हे पण खरं. आणि ज्याला घाटात धार पाहिजे पण २०३ पीएस नको त्याने ६३६ सीसीची झेडएक्स-६आर चालवून पाहावी, २०२४ पासून पुन्हा मिळून राहिली आहे, पैसेही बरेच कमी लागतात आणि रोडवर तिचं इंजिन जास्त वापरता येते.

घेतलीच तर पैसे खर्च करायचा क्रम सांगतो. पहिले टाकीला दोन्ही बाजूने ग्रिप पॅड, मनगटाचं अर्धं दुखणं तिथेच कमी होते. मग रेडिएटर गार्ड, हायवेवर ट्रकच्या मागून येणारी गिट्टी सरळ रेडिएटरवरच बसते. मग स्वतःच्या मापाचे चांगले ग्लोव्हज आणि उन्हाळ्यासाठी जाळीचं जॅकेट. पहिला टायर झिजला की सरळ थोडा टिकाऊ स्पोर्ट-टूरिंग टायर टाका, आपल्या सिमेंटवर तोच चालते. एक्झॉस्टचे पैसे सध्या बाजूलाच ठेवा.