कब कॅडेटचा जुना गिअरबॉक्स जड ओढीसाठी: ताकद कुठे आहे, पैसे कुठे घालावेत

इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1961 ते 1981 या काळात बनवलेले कब कॅडेट हे बागकामाचे छोटे ट्रॅक्टर स्लेज (वजन लादलेली घसरगाडी) ओढण्याच्या स्पर्धेत अजून दिसतात, याचं श्रेय इंजिनापेक्षा मागच्या संचाला (गिअरबॉक्स, डिफरन्शियल, एक्सल) द्यायला हवं. हे परीक्षण फक्त गिअरवाल्या मॉडेलचं: तीन पुढचे गिअर, एक मागचा. हायड्रोस्टॅटिक संच (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) या कामासाठी घेऊ नये.

जमेची बाजू आधी. हाउसिंग जाड बिडाचं आहे, गिअरबॉक्सचं घराणं फार्मऑल कब या शेतीच्या ट्रॅक्टरचं आहे आणि इंजिनापासून मागे सरळ शाफ्ट जातो, पट्टा नाही. पट्टा नसल्यामुळे ताकद घसरून वाया जात नाही. पण धक्का शोषणारंही मधे काही उरत नाही. क्लच झटक्यात सोडला की तो धक्का थेट दातांवर आणि एक्सलवर बसतो. एरवी हे गिअर सहसा तुटत नाहीत. म्हणून महागडे नवे गिअर आधी घेणं हा चुकीचा खर्च आहे. तुटतं ते शेवटच्या टोकाला, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) आणि एक्सलमध्ये, कारण वेग सर्वांत कमी आणि टॉर्क (फिरवणारा जोर) सर्वांत जास्त तिथेच असतो.

किती टॉर्क, हे टायरची पकड ठरवते. मागच्या चाकांवर 400 किलो भार, पकडीचा गुणांक 0.9 आणि 23 इंची टायर (त्रिज्या सुमारे 0.29 मीटर) धरला, तर दोन्ही चाकं मिळून सुमारे 1020 न्यूटन-मीटर पेलतात. त्यापुढे टायर फिरतो. तोच भार ठेवून 26 इंची टायर बसवला की आकडा 1160 च्या पुढे जातो. नुसते मोठे टायर आणि जादा वजनं लावली, इंजिनाला हात लावला नाही, तरी एक्सल तुटतो तो यामुळे. स्लेजवरचं वजन जसजसं पुढे सरकतं, तसा हा ताण धावेच्या शेवटी शिगेला पोचतो.

मूळ डिफरन्शियलमध्ये पहिली तक्रार येते ती स्टार पिनियन आणि त्यांच्या आडव्या पिनची. एक चाक फिरायला लागलं की हे छोटे गिअर प्रचंड वेगाने पिनवर घासतात, पिन निळी पडते, खरवडली जाते आणि शेवटी कॅरिअर (हे गिअर धरणारी चौकट) खिडकीच्या कोपऱ्यातून चिरतो. त्यावर स्वस्त तोडगा म्हणून स्टार गिअर वेल्ड करतात. तो करू नये. कडक केलेल्या पोलादावर वेल्ड मारला की शेजारचा भाग ठिसूळ होतो, आणि सुटलेला तुकडा क्राउन-पिनियनमध्ये (शाफ्टची फिरकी एक्सलकडे वळवणारी गिअरजोडी) गेला की सगळा संचच जातो. अखंड पोलादातून कापलेला स्पूल हा खरा पर्याय. त्यात डिफरन्शियल राहतच नाही, दोन्ही चाकं एकत्र फिरतात. वळताना ट्रॅक्टर पुढे रेटतो, पण स्पर्धेच्या सरळ पट्टीवर त्याने बिघडत नाही. रोजच्या बागकामाला तोच ट्रॅक्टर वापरायचा असेल, तर मात्र स्पूल नको.

स्पूल विकणारे बहुधा न सांगणारी गोष्ट इथे लक्षात घ्यावी. उघडं डिफरन्शियल दोन्ही एक्सलना निम्मा-निम्मा टॉर्क देतं. स्पूलमध्ये एका चाकाची पकड सुटली की दुसऱ्या एक्सलवर जवळपास सगळाच येऊ शकतो. एक इंची एक्सलवर 1020 न्यूटन-मीटर म्हणजे पृष्ठभागावर सुमारे 315 मेगापास्कल पीळताण, आणि तोही धक्का न धरता. सव्वाएक नव्हे, फक्त 1⅛ इंची एक्सल घेतला तरी तो 225 च्या आसपास उतरतो, कारण ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते: सुमारे 42 टक्के जास्त. म्हणून स्पूल आणि एक्सल एकत्रच घ्यावेत. मागवण्याआधी जुना एक्सल व्हर्नियरने मोजा. नवा 4340 या मिश्र पोलादाचा, हीट ट्रीटमेंट केलेला असावा. एक्सल आत धरून ठेवणाऱ्या सी-क्लिपच्या खाचेचे कोपरे आणि फ्लँजच्या मुळाशी गोलाई आहे का, हे बोट फिरवून तपासा. धारदार कोपरा दिसला तर तो भाग परत करावा, कारण तडा तिथूनच सुरू होतो.

मागचं झाकण उघडून सी-क्लिप काढल्या की एक्सल बाहेर येतात, मग कॅरिअर. काढताना बेअरिंगांच्या केजखालचे शिम (पातळ चकत्या) कोणत्या बाजूचे किती, हे लिहून ठेवा. शिम एका बाजूकडून दुसरीकडे हलवूनच क्राउनचा प्ले (दातांमधली मोकळीक) जुळवायचा असतो. साधारण 0.003 ते 0.005 इंच (0.08 ते 0.13 मिमी) ठेवावा आणि डायल गेजने किमान चार जागी मोजावा. चारही आकडे जुळले नाहीत तर क्राउन वाकडा बसलाय किंवा सीटवर कचरा आहे. दातांना रंग लावून खूण पाहा: ती दाताच्या मध्यावर हवी. टोकाकडे आली तर जड ओढीत कोपरा उडणार. क्राउनचे बोल्ट नवे, उच्च दर्जाचे, थ्रेडलॉक लावून घट्ट करा. एक्सलच्या बाहेरच्या नीडल बेअरिंगने जुन्या एक्सलवर चर पाडली असेल, तर सील बदलूनही गळती थांबणार नाही.

पुढच्या बाजूला क्रीपर (वेग आणखी कमी करणारा जादा गिअर) असेल तर काढून टाका. तो टॉर्क वाढवून गिअरबॉक्समध्ये ढकलतो, पण हा गिअरबॉक्स त्यासाठी मजबूत केलेला नाही. शाफ्टच्या कपलिंगमधली पिन सैल झाली असेल तर भोक रीमरने एक माप मोठं करून घट्ट पिन बसवा. अंडाकृती भोकात बोल्ट कोंबला की दर धावेला ते आणखी फाकतं. शाफ्टभोवती जाड पोलादी कडं हवंच, तुटलेला शाफ्ट चालकाच्या पायाजवळ फिरतो. हिचही (स्लेज जोडायची जागा) फक्त मागच्या झाकणाच्या बोल्टांवर टांगू नये, फ्रेमपर्यंत आधारपट्ट्या न्याव्यात.

तेल हाय-ट्रान, 7 पिंट, म्हणजे सुमारे 3.3 लिटर. ड्रेन प्लगला चुंबक लावा. काळा बारीक लगदा चालतो. चकचकीत कपची सापडली तर झाकण उघडल्याशिवाय पुढची धाव घेऊ नका.