बॅटरीवरून लाइन घेतो म्हणाला, घेतली चार्जिंग सॉकेटवरून

गाडीत ॲम्प्लिफायर आणि सबवूफर बसवायला दिला तेव्हा फिटरला मी एकच गोष्ट दोनदा विचारली होती, पॉवर कुठून घेणार? "बॅटरीवरून डायरेक्ट. जाड कॉपर वायर, फ्यूजसकट," असं तो म्हणाला आणि त्या वायरिंग किटचे पैसेही वेगळे लावले. गाडी परत घेताना डिकीत ॲम्पला जोडलेली जाडजूड लाल वायर पाहिली, ती कार्पेटखाली जात होती. तेवढ्यावर माझी खात्री पटली. बॉनेट उघडून मी पाहिलंच नाही.

चौथ्या दिवशी आवाज थोडा वाढवला आणि ॲम्प बंद पडला. त्याच क्षणी मोबाइल चार्जिंगचं सॉकेटही बंद. दोन्ही एकदम का गेलं, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. फिटरकडे गेलो. त्याने फ्यूज बॉक्समधला निळा फ्यूज उपसला, तिथे हिरवा खोचला आणि म्हणाला, "कंपनी फ्यूज कमजोर देते. आता नाही उडणार." निळा म्हणजे 15 अँपिअर, हिरवा म्हणजे 30. मला रंगांचा अर्थ माहीत नव्हता.

आणि खरंच तो फ्यूज पुन्हा उडाला नाही. फ्यूज असतो वायर वाचवायला. 15 अँपिअरपुरत्या बारीक वायरीवर 30 चा फ्यूज बसवला, की फ्यूजच्या आधी वायर तापते. तेच होत होतं, माझ्या पायाखाली.

काही आठवड्यांनी गाडीत जळकट वास यायला लागला. एसीतून बाहेरचा येत असेल म्हणून मी काचा खाली करायचो. मग मोठ्या आवाजात बेसचा ठोका पडला की ॲम्प क्षणभर बंद होऊन परत सुरू व्हायचा. शेवटी दुसऱ्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्याने आधी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर कंपनीच्या वायरींखेरीज काहीही नव्हतं. मग इंजिन चालू ठेवून, गाणं मोठ्याने लावून मल्टिमीटर धरला. बॅटरीवर 14.1 व्होल्ट, ॲम्पच्या टर्मिनलवर 10.6. साडेतीन व्होल्ट वाटेत गळत होते. 25 अँपिअरचा करंट धरला तरी ही सुमारे 87 वॉट उष्णता झाली. धातू वितळवून जोड देणारी सोल्डरिंगची साधी आयर्न 25 वॉटची असते. उष्णता वायरभर पसरते खरी, पण सैल जोड असेल तिथे ती एकवटते.

कार्पेट उचललं तेव्हा माझे हात गार पडले. ती जाड लाल वायर वीतभरच होती. पुढे तिला साधी बारीक वायर पीळ देऊन जोडली होती आणि वर काळी टेप. टेपचा गोंद वितळून कार्पेटच्या धाग्यांत उतरला होता. बारीक वायर डॅशबोर्डमागे जाऊन चार्जिंग सॉकेटच्या वायरीला गुंडाळलेली. तिथलं इन्सुलेशन तपकिरी पडलं होतं, वाकवलं तर कडकन तुटत होतं. जाड तुकड्याची एक तार त्याने ब्लेडने खरवडली, तर तांब्याचा रंग निघून आत पांढरं ॲल्युमिनियम. वर तांब्याचा मुलामा दिलेली ही वायर करंट वाहून नेण्यात शुद्ध तांब्याच्या बरीच मागे पडते, म्हणून ती वापरायचीच तर जास्त जाड लागते. माझ्याकडून मात्र पैसे तांब्याचे घेतले होते.

ॲम्पला किती करंट लागतो ते त्याच्या अंगावरच्या फ्यूजवरून कळतं. माझ्या ॲम्पवर 30 चे दोन फ्यूज आहेत, म्हणजे वायर 60 अँपिअर झेपणारी हवी. सॉकेटची लाइन साधारण 10 ते 20 अँपिअरची असते. डॅशकॅम किंवा मोबाइल चार्जर यांसारख्या किरकोळ वस्तूंना फ्यूज बॉक्समधून लाइन घेतली तर चालतं, तीही स्वतंत्र फ्यूज लावून आणि एअरबॅग, एबीएसच्या सर्किटला हात न लावता. चावी काढल्यावर वस्तू बंद व्हायला हवी असेल तर एसीसी लाइन (चावी फिरवल्यावरच चालू होणारी) घ्यावी, नाहीतर बॅटरी उतरते. ॲम्पची गोष्ट वेगळी. त्याला बॅटरीपासून थेट लाइन, आणि मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारं काही नसतं. म्हणूनच बॉनेटमधून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायरीला धार लागू न देणारी कडी, हवाच. चालू-बंद करायला स्टिरिओमागची निळी-पांढरी रिमोट वायर असते, तिला फक्त इशारा द्यायचा असतो. अर्थिंगची वायर तेवढीच जाड, शक्य तितकी आखूड, आणि बॉडीचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळलेली.

जळकी वायर घेऊन मी पहिल्या फिटरकडे गेलो. तो म्हणाला, हे काम माझं नाही, मध्ये कुणीतरी हात लावला असेल. माझ्या बिलावर फक्त "ऑडिओ फिटिंग" एवढंच होतं. वायरीची जाडी नाही, तांबं की ॲल्युमिनियम ते नाही, पॉवर कुठून घेतली ते नाही. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं आणि पैसे बुडाले.

दुसऱ्यांदा काम करून घेतलं तेव्हा हे तिन्ही बिलावर लिहून घेतलं, आणि कार्पेट बसवण्याआधी पूर्ण लाइनीचे, प्रत्येक जोडाचे फोटो काढले. तुम्हीही पैसे देण्याआधी बॉनेट उघडायला लावा, फ्यूज डोळ्यांनी बघा, आणि गाणं मोठ्याने लावून बॅटरीवर व ॲम्पवर मल्टिमीटर धरायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर गाडी तिथून हलवू नका.